डाव्या हाताची शपथ

माझ्या मेव्हणीचं लग्न कवडे साहेबांनी ऐन मंगलाष्टकांत बंद पाडलं होतं. त्यांच्याविषयी मला आज जे वाटतं ते लिहिण्याआधी ही गोष्ट सांगणं भाग आहे. ती त्यांच्या बाजूची आहे, आणि ती गाळून लिहिलं तर मीही त्यांच्याच पंगतीला बसेन.

भूमला कार्यालयाची जागा अपुरी पडली म्हणून अंगणात लोखंडी पाइपांचा मांडव घातला होता. साहेब आले, आहेर दिला, खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि बसले. खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय ते कुठंच बसत नसत. मग त्यांनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून शेजारच्या पाइपाला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. साहेब उठले आणि कुणाला न विचारता त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, लाउडस्पीकर गप्प झाला, भटजी अर्ध्या ओळीवर अडकले.

"कोन हाय रं त्यो? धरा त्याला!" माझे सासरे ओरडले.

"धरा की," साहेब म्हणाले. "पण आधी लेकरं बाजूला घ्या. पाइपात करंट आहे."

मांडववाल्याने वायरीतूनच खिळा ठोकला होता. पाच पावलांवर हात धुवायची टाकी होती, तिच्याभोवती चिखल झाला होता, आणि थोड्या वेळाने जेवून उठलेली माणसं त्याच पाइपाला धरून वाकणार होती. लग्न वीस मिनिटं उशिरा लागलं. माझ्या सासूबाई अजून विचारतात, "ते टेस्टरवाले साहेब बरे हायत ना?" मी हो म्हणतो.

कवडे साहेब आमच्या दूध भुकटीच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. मी त्याच कारखान्यात टाइमकीपर. कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, गेटमधून कोणतं वाहन कधी सुटलं, हे सगळं माझ्या खिडकीशी लिहिलं जातं. बावीस वर्षं मी तेच करतो. आमच्याकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, म्हणून मी सगळ्यांचा भाऊसाहेब.

साहेब मूळचे नळदुर्गचे. वडिलांचा हायवेवर ढाबा होता. "शाळेत असताना मी अपघातातली माणसं रस्त्यावरनं गोळा केलीत," असं ते एकदाच म्हणाले होते आणि पुढं काही बोलले नव्हते. जिना चढताना पायऱ्या पुटपुटत मोजायचे. शेंगदाणासुद्धा सोलून, पाहून, मग तोंडात टाकायचे. आम्ही हसायचो. पण त्यांनी पहिल्याच वर्षी बत्तीस कुलपं आणली आणि मशिनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक एक दिलं. मशिनला हात लावायचा तर आधी पॅनेलवर वीज बंद करायची, तिथं आपलं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. मग मॅनेजर आला तरी मशिन सुरू करू शकत नाही.

"कुलूप ज्याचं, चावी त्याची," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

ते येण्याआधीच्या वर्षी दुखापतींच्या रजिस्टरमध्ये चौदा नोंदी होत्या. चौथ्या वर्षी तीन. हे रजिस्टर मी पाहिलेलं आहे, आणि तोपर्यंत ते खरं होतं.

मग सुरक्षेसाठी सन्मान देण्याची योजना आली. खाजगी मालक असो की सरकारी खातं, आपण होऊन अर्ज करायचा. समिती येऊन पाहते. पास झालात तर गेटवर लावायला ढाल मिळते, झेंडा मिळतो, आणि नेहमीच्या तपासणीतून बरीचशी सुटका होते. सक्ती कुणावरच नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे झालं ते कुणी करायला लावलेलं नव्हतं. आम्ही ते हौसेनं केलं.

अट अशी होती की सहाशे दिवसांत एकही असा अपघात नको, ज्यामुळं माणूस अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कामावर येऊ शकला नाही. गेटवर फळा लागला. 'अपघाताविना दिवस' असं वर लिहिलेलं, खाली आकडा. साहेब रोज आठला दहा कमी असताना यायचे, खिशातल्या रुमालानं आकडा पुसायचे आणि नवा लिहायचे. लिहून झाल्यावर दोन पावलं मागं सरून बघायचे. चेहऱ्यावर एक समाधान असायचं. सुरुवातीला मलाही ते पाहून बरं वाटायचं.

फळ्यावर दोनशेच्या आसपास आकडा असताना पॅकिंगमधल्या गयाबाई घसरून पडल्या. पाऊल मुरगळलं, सुजलं. दोन दिवस त्या घरी होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याची जीप त्यांच्या दारात गेली, त्यांना उचलून आणलं आणि माझ्या खिडकीशेजारी खुर्चीवर बसवलं. साहेबांनी खुर्ची आधी हलवून पाहिली.

"हजर लावा, भाऊसाहेब."

"काम काय करणार त्या?"

"हजर आहेत ना? मग हजर लावा."

मी लावलं.

गयाबाई तासभर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, म्या हितं काय करायचं?"

"बसायचं."

"बसायचा बी पगार असतोय व्हय? आन् बारा वर्सं मला हुबं केलंत!"

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. दुपारी एक संचालक गाडीतून उतरले आणि या बाई कोण म्हणून त्यांनी विचारलं. साहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "या आपल्या सुरक्षा मित्र. येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात." संचालक खूश झाले. दुसऱ्या दिवशी गयाबाईंच्या पदराला हिरवी फीत होती, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात 'सुरक्षा मित्र'.

त्यानंतर ती खुर्ची फारशी रिकामी राहिली नाही. भाजलेला पाय, फाटलेली टाच, मोडलेलं मनगट. सगळ्यांना जीप आणायची, सगळ्यांना फीत मिळायची. पुढच्या वर्षभरात सात माणसं तिथं बसली. मी सातही वेळा 'हजर' लिहिलं. रजिस्टर कोरं राहिलं. कुणी कुरकुर केली तर साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणायचे, "झालंच नाही असं समजा."

आता मिलिंद ओव्हाळ. ठेकेदाराकडून आलेला कामगार, पस्तिशीचा. वाकडं बोलायला एक नंबर, कामाला त्याहून पक्का. भूमपासून सहा किलोमीटरवर त्यांची बौद्ध वस्ती. घरात आई, बायको, दोन मुली. शेत नाही, जनावर नाही.

फळ्यावर सहाशे बारा होतं. समिती तीन आठवड्यांत येणार होती. साहेबांनी तिच्यासाठी एक मोठी फळी करून घेतली, तिला निळं मखमल लावलं, आणि कामगारांकडची बत्तीसच्या बत्तीस कुलपं गोळा करून, रंगवून, नंबर घालून त्या मखमलावर ओळीनं टांगली. खाली लिहिलं, 'कुलूप ज्याचं, चावी त्याची'. फळी ट्रेनिंगच्या खोलीत उभी राहिली. खरंच सुंदर दिसत होती.

त्या मंगळवारी भुकटी खाली सोडणाऱ्या फिरत्या झडपेत गठ्ठा अडकला. मिलिंदनं वीज बंद केली. लावायला कुलूप नव्हतं. त्यानं झाकण उघडून हात घातला. तिकडे पॅनेलवर दुसऱ्या माणसानं स्विच बंद दिसला म्हणून चालू केला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तिसरं अर्धं.

जीप दहा पंचावन्नला गेटमधून सुटली. वेळ मी लिहिली. बरोबर साहेब होते. बार्शीच्या दवाखान्यात त्यांनी सांगितलं, घरी चारा कापायच्या कडबाकुट्टीत हात गेला. तिथल्या कागदावर तसंच लिहिलं गेलं आणि आणणाऱ्याच्या जागी साहेबांनी सही केली. ज्याच्या घरी शेळीसुद्धा नाही, त्याच्या घरी कडबाकुट्टी.

संध्याकाळी ते माझ्या खिडकीशी आले. शर्ट बदललेला होता. "मिलिंदचा आजचा दिवस पूर्ण धरा. उद्याचा साप्ताहिक सुटीत टाका. परवा तो येईल."

"परवा? साहेब, बोटं तुटलीत त्याची."

"कायम करून घेणार आहोत त्याला. मी शब्द दिलाय. तुम्ही मध्ये पडून त्याचं नुकसान करू नका."

गुरुवारी सकाळी आठ वाजता जीप मिलिंदला घेऊन आली. अपघाताला पंचेचाळीस तास वीस मिनिटं झाली होती. त्याचा चेहरा राखेसारखा होता. हाताला कोपरापर्यंत पांढरं गुंडाळलेलं, त्यावर झाकायला एक मोठी फाइल दिलेली. छातीवर हिरवी फीत.

"काय भाऊसाहेब," तो म्हणाला, "म्या मित्र झालो बगा. दोन बोटं दिली की मैत्री व्हती म्हनं हितं."

मी 'हजर' लिहिलं.

समिती आली त्या दिवशी फळ्यावर सहाशे एकतीस होतं. खरा आकडा एकोणीस. तीन पाहुणे होते, त्यात एक सरकारी खात्यातले. त्यांनी मखमलावरची कुलपं पाहिली आणि कौतुकानं मान हलवली. मग पटांगणात सगळ्यांना सुरक्षेची शपथ घ्यायची होती. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाले, "तुमचे हे सुरक्षा मित्र आहेत ना, त्यांनाच सांगू द्या."

साहेबांनी मिलिंदला पुढं उभं केलं. उजवा हात फाइलीखाली होता. त्यानं डावा वर केला.

आमच्याकडे शपथ सांगणाऱ्याकडे बघून घ्यायची सवय. त्यानं जो हात वर केला तोच सगळ्यांनी केला. दोनशे माणसांचे डावे हात एकदम वर गेले. मीही त्यांत होतो.

"डावा हात का?" पाहुण्यांनी विचारलं.

"डावखुरा आहे तो," साहेब म्हणाले. "आणि सगळे त्याला इतकं मानतात की बघा."

पाहुणे भारावले. त्यांनी फोटो काढले. त्यांच्या अहवालात सुरक्षा मित्र ही 'अनुकरणीय प्रथा' असल्याचं लिहिलं गेलं आणि इतर कारखान्यांनी, कार्यालयांनीही ती स्वीकारावी अशी शिफारस झाली. ढाल मिळाली. डाव्या हातांचा तो फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे. रोज मी त्याच्याखालून जातो.

पुढच्या वर्षी साहेब निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ, भाषणं. त्यानंतर दोन महिन्यांत ठेकेदारानं मिलिंदला कमी केलं. कायम करण्याचा शब्द साहेबांचा होता आणि साहेब गेले होते. मिलिंदनं कामगार विम्याकडे अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. उत्तर आलं: दुखापत घरची आहे, कारखान्याकडे अपघाताची नोंद नाही, अर्जदार त्या काळात सलग कामावर हजर होता. तिन्ही गोष्टी कागदाप्रमाणे बरोबर होत्या. तिसरी माझ्या अक्षरात होती.

तो पत्र घेऊन माझ्या घरी आला, बायकोला घेऊन. माझ्या बायकोनं चहा दिला. त्यानं कप डाव्या हातानं उचलला. त्याची बायको संगीता खाली बघून म्हणाली, "भाऊसाहेब, ह्यास्नी कामाला कुनी घेत न्हाय. थोरलीची शाळा सुटली. तेवढं पेन्शन झालं तर आमी तिला परत घालतो. तुमी फक्त खरं ते लिवून द्या."

"माझ्या एकट्याच्या लिहिण्याला कोण विचारणार?" मी म्हणालो.

मिलिंद म्हणाला, "खोटं लिवलं तवा इचारलं की सगळ्यांनी."

मला साहेबांची वही आठवली. निळ्या पुठ्ठ्याची, नेहमी त्यांच्या बॅगेत असायची. कुणाला दुखापत झाली की जखमीला जीपमध्ये घातल्यावर ते जागेवर परत जायचे, टेपनं मोजायचे आणि त्या वहीत काहीतरी लिहायचे. रजिस्टर कोरं असलं तरी ती वही कोरी नव्हती, याची मला खात्री होती. रविवारी मोटरसायकल काढली आणि येडशीवरून धाराशिवला गेलो. तिथं त्यांनी घर बांधलं आहे.

त्यांनी मनापासून स्वागत केलं. पेढे आणले, सासूबाईंची चौकशी केली. मी आडवळण न घेता विचारलं, मिलिंदच्या अपघाताची नोंद तुमच्या वहीत आहे का?

"आहे की." ते उठले आणि कपाटातून वही काढून घेऊन आले. चष्मा लावला. वाचायला लागले, अगदी सावकाश: "मंगळवार, दहा चाळीस. ओव्हाळ. उजवा हात, फिरती झडप. वीज बंद केली होती. कुलूप लावले नाही. कारण, सर्व कुलपे प्रदर्शनाच्या फळीवर. जबाबदारी, सुरक्षा अधिकारी." खाली झडपेचं चित्र होतं, मापांसकट. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "बघा, एक शब्द खोटा नाही. असं कुणी लिहीत नाही, भाऊसाहेब."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. ती वही म्हणजे त्यांच्या प्रामाणिकपणाची ठेव होती. तो त्यांनी इतकी वर्षं कुलपात जपला होता आणि कुणाच्याही उपयोगी पडू दिला नव्हता.

"मला या पानाची प्रत द्या."

"नाही." ते रागावले नाहीत. "ही माझी खाजगी वही आहे. आणि आता मी समितीवर आहे. निवृत्त लोकांना घेतात तिथं. बाहेर गेलं तर सगळी योजनाच बदनाम होईल. चांगली योजना आहे. परवा एका सरकारी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो होतो, त्यांनीही सुरक्षा मित्र नेमलाय. स्टुलावर पाय ठेवून बसला होता, प्लास्टरमध्ये." ते हसले. "मला काय, बघितल्याबरोबर कळतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मार्क दिले."

मी हातातला पेढा बशीत परत ठेवला आणि म्हणालो, वही नसली तरी चालेल. दवाखान्याच्या कागदावर भरती साडेअकराची आहे, घरी हात गेला म्हणून. माझ्या मस्टरवर तो त्याच दिवशी सात बावन्नला आत आलाय आणि चार वाजेपर्यंत आतच आहे, पूर्ण दिवस. गेटच्या वहीत जीप दहा पंचावन्नला गेलीय, आणि दवाखान्यात आणणारे म्हणून सही तुमची. कारखान्यात हजर असलेल्या माणसाचा हात घरच्या कडबाकुट्टीत जातो कसा? तुम्हाला एकही दिवस गैरहजर नको होता, म्हणून तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटला. मी उद्या हे तिन्ही कागद आणि माझा जबाब देणार आहे. हजेरी खोटी होती, हेही लिहिणार आहे.

मला वाटलं, साहेब आता घाबरतील, किंवा ओरडतील, किंवा निदान मिलिंदचं नाव तरी काढतील. त्यांनी खिशातलं पेन काढलं. वहीचं शेवटचं पान उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहायला लागले. मला समोरून उलटं वाचता आलं. 'दुखापतीच्या दिवशी पूर्ण हजेरी दाखवू नये. दुपारनंतरची नोंद व दवाखान्याची वेळ जुळवून पाहावी.' खाली रेघ ओढली.

"बरोबर पकडलंत तुम्ही," ते म्हणाले. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सोमवारी मी कागद दिले. मिलिंदचा अर्ज पुन्हा उघडला आहे, सुनावणी चालू आहे. खोटी हजेरी लिहिल्याबद्दल कारखान्यानं मला नोटीस दिली आहे. नोटिशीत लिहिलेलं खरं आहे, म्हणून मी तिला विरोध केलेला नाही.

साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच, त्यांच्या फाटकाशी. मी बाहेर आलो, हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि किक मारणार तोच ते चप्पल न घालता लगबगीनं मागून आले. "थांबा, थांबा." त्यांनी माझ्या हनुवटीखालचा लोंबता पट्टा धरला, बक्कल लावलं, ओढून पाहिलं. पट्टा फार आवळला नाही ना, हे पाहायला स्वतःचं एक बोट आत घातलं. बोट गरम होतं, त्याला पेढ्याचा वास होता. मी मान ताठ करून उभा राहिलो. "येडशीच्या पुढं ट्रक फार असतात," ते काळजीनं म्हणाले. "सांभाळून जा."